पुढच्यास ठेच

प्रोग्रामिंग नव्याने शिकू पाहणाऱ्यांसाठी शिकणाऱ्यांनीच मिळून, सर्वांना वाचता येईल आणि सर्वांना दुरुस्त करता येईल अशी पाठांची एक सामायिक वही इंटरनेटवर उभी करावी, एवढी साधी सूचना कोणी मांडली की आपल्याकडील जाणकार मंडळींच्या कपाळावर जी आठी चढते, ती गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यामागचे युक्तिवाद आता मला क्रमवार पाठ झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे. भाषा ज्यांनी घडवली त्यांनी तिचे अधिकृत दस्तऐवज लिहून ठेवले आहेत. ते वाचण्याचे कष्ट ज्याला नकोत त्याने या वाटेला येऊ नये. ज्याला कालपर्यंत लूप म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याने आज दुसऱ्याला लूप समजावून सांगणे हा अनधिकार आहे आणि त्यातून चुकांच्या प्रसारावाचून काही निष्पन्न होणार नाही. दहा हातांनी लिहिलेल्या मजकुरास ना रूप असते ना सूत्र. त्यातही तो मराठीत लिहिणे म्हणजे मुलांना विहिरीत पोहायला शिकवून समुद्रात सोडणे. आणि एवढ्यावरही कोणाचे काही अडलेच, तर विचारताक्षणी उत्तर देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. मग हा खटाटोप कशासाठी?

या मताचा मला राग येतो, आणि तो झाकून लिहिण्याचे मला कारण दिसत नाही. दर शनिवारी सायंकाळी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर मी पायथन ही भाषा शिकवतो. समोर वाणिज्य आणि कला शाखेतील मुलेमुली असतात, पतसंस्थेत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ असतात, माध्यमिक शाळेतल्या एक बाई असतात. यांच्यापैकी कोणाच्याही घरात पूर्वी कोणी प्रोग्रामिंग केलेले नाही, अडले तर विचारायला शेजारीपाजारी कोणी नाही, आणि इंग्रजी वाचता येत असले तरी एकेका वाक्याशी झगडून ते वाचावे लागते. जाणकारांची ती आठी अखेर पडते ती या माणसांवर. त्यांतले काहीजण दुसऱ्या महिन्यात येईनासे होतात, आणि आपल्याला डोकेच नाही अशी समजूत करून घेऊन जातात. ती समजूत खोटी आहे हे मला ठाऊक असते, पण सांगायला ते समोर उरलेले नसतात.

प्रथम अधिकृत दस्तऐवजांचा आक्षेप घेऊ. ते दस्तऐवज उत्तम आहेत, मी स्वतः ते रोज उघडतो, आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ते कोणासाठी लिहिलेले आहेत, हे आक्षेपकांनी कधी पाहिले आहे काय? पायथनच्या अधिकृत पाठमालेच्या आरंभीच म्हटले आहे की ती पायथन नव्याने शिकणाऱ्या प्रोग्रामरांसाठी आहे, प्रोग्रामिंगच नव्याने शिकणाऱ्यांसाठी नाही. ज्या ग्रंथाचे नाव घेऊन नवशिक्याला दारातून परत धाडले जाते, त्या ग्रंथानेच प्रामाणिकपणे सांगितले आहे की माझा वाचक हा नव्हे. मग त्याला तिकडे धाडणाऱ्यांनी तो ग्रंथ पहिल्या पानापासून वाचला आहे असे कसे मानावे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पतसंस्थेतल्या त्या गृहस्थांनी मुलीचे दोन विषयांचे गुण विचारून त्यांची बेरीज सांगणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या विषयाचे गुण ४५, दुसऱ्याचे ३८. उत्तर आले ४५३८. स्क्रीनवर एरर नाही, लाल अक्षर नाही, कसलीही तक्रार नाही. यंत्राने आपले काम पार पाडले अशा शांतपणे ते चार आकडे तेथे उभे होते. गृहस्थांनी गुण बदलून पाहिले, प्रोग्राम पुसून पुन्हा लिहिला, कीबोर्डवरील अधिकचे चिन्ह बिघडले असेल म्हणून शेजाऱ्याकडून दुसरा कीबोर्ड आणून जोडला. तीस वर्षे ज्यांची खतावणी पैशापैशाला जुळत आली, ते पुढच्या शनिवारी मला म्हणाले, “सर, बेरीज माझीच चुकते की काय?” उत्तर दोन वाक्यांचे होते. इनपुट या फंक्शनकडून जे हाती येते ते आकड्यासारखे दिसले तरी अक्षरांची माळ म्हणून येते, आणि दोन माळा जोडल्या की त्या एकीपुढे एक लागतात. बेरीज हवी असेल तर आधी त्यांचा इंट या फंक्शनने आकडा करून घ्यावा लागतो. ही माहिती अधिकृत दस्तऐवजात आहे, इनपुटच्या नोंदीत ती रीतसर लिहिलेली आहे. परंतु आपली चूक बेरजेत आहे अशी ज्याची खात्री झाली आहे, तो इनपुटच्या नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार? तलाठ्याच्या दप्तरातून उतारा काढायचा तर गट नंबर ठाऊक असावा लागतो, आणि नवशिक्याची सारी अडचण हीच असते की आपल्या अडचणीचा गट नंबर त्याला ठाऊक नसतो. आमच्या वर्गाचीही अशी एक सामायिक वही आहे, आणि त्या गृहस्थांनी तिच्यात स्वतःच्या हाताने जी नोंद केली तिचा मथळा आहे, “४५ आणि ३८ मिळवले तर ४५३८ का येतात?” अधिकृत दस्तऐवजात असा मथळा कधीही येणार नाही, येऊही नये; पण पुढच्या वर्षीचा विद्यार्थी जेव्हा रात्री अकरा वाजता असल्याच चार आकड्यांकडे पाहत बसेल, तेव्हा त्याच्या तोंडी हाच प्रश्न असेल, याच शब्दांत असेल, आणि तो त्याच शब्दांत येथे सापडेल.

पायथनच्या बाबतीत तर हा आक्षेप विशेष खटकतो, कारण या भाषेच्या वंशावळीतच नवशिक्याची काळजी आहे. ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत गिडो व्हान रॉसम हे आधी एबीसी नावाच्या भाषेवर काम करीत होते, आणि एबीसी ही प्रोग्रामिंग हा ज्यांचा व्यवसाय नाही अशा माणसांसाठी योजलेली होती. १९८९ च्या नाताळात त्यांनी पायथन लिहावयास घेतली, १९९१ च्या फेब्रुवारीत ती लोकांपुढे ठेवली, आणि १९९९ मध्ये प्रोग्रामिंग सर्वांच्या आवाक्यात आणावे अशा आशयाचा एक प्रस्ताव अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेकडे सादर केला. त्यानंतरही ही काळजी सुटली नाही. चौथ्या ओळीत उघडलेला कंस मिटवायचा राहिला तर पूर्वी पायथन त्यापुढच्या संपूर्ण निर्दोष ओळीकडे बोट दाखवी, आणि नवशिका त्या निर्दोष ओळीची चिरफाड करीत बसे. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ती सरळ सांगते की अमुक ओळीतला कंस मिटलेलाच नाही. तुलनेच्या जागी बरोबरीचे एकच चिन्ह पडले तर तुम्हाला दोन म्हणायची होती काय, असे ती विचारते. भाषा घडवणाऱ्यांना नवशिक्याच्या चुकांसाठी आपले यंत्र बदलावेसे वाटते, आणि ती भाषा केवळ वापरणाऱ्यांना त्याच चुकांची नोंद ठेवणेही कमीपणाचे वाटते, हे कोणत्या न्यायाने?

अधिकाराचा आक्षेप याहून वजनदार समजला जातो, आणि सभासंमेलनांत त्याला माना डोलतात. शिकवण्याचा अधिकार ज्ञानातून येतो, हे मलाही मान्य आहे. पण कोणत्या ज्ञानातून? भाषेचे ज्ञान एक, आणि ती शिकताना पाऊल कोठे अडते याचे ज्ञान निराळे. पहिले वर्षागणिक वाढत जाते. दुसरे त्याच वेगाने आटत जाते, आणि ज्याचे पहिले परिपूर्ण झाले त्याच्यापाशी दुसऱ्याचा मागमूसही राहत नाही. मी पायथन शिकत होतो तेव्हा एकपासून दहापर्यंतचे आकडे रेंज या फंक्शनकडे मागितले असता ते नवावरच का थांबते, या कोड्यात मी एक अख्खी रात्र घालवली होती. ती रात्र मला आठवते, पण त्या रात्रीचे माझे डोके मला आठवत नाही. शेवटचा आकडा गाळला जाणे आज मला इतके स्वाभाविक वाटते की एखाद्या मुलाने ‘दहा कुठे गेला’ असे विचारले तर त्याचा प्रश्न समजायलाच मला क्षणभर लागतो. हा माझ्या बुद्धीचा दोष नव्हे, ज्ञान मुरण्याची रीतच अशी आहे. गावात जन्मलेल्या माणसाला घराची वाट विचारली तर तो ‘वळलं की आलंच’ असे सांगतो. कोणत्या वळणावर चुकायला होते हे त्याच्या पाहुण्याला विचारावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत, पण पुढचा थांबून मागे वळला आणि दगड कोठे आहे ते त्याने सांगितले, तरच मागचा शहाणा होणार ना? आणि हे सांगायला त्याने अंगठ्याचे रक्त वाळण्याच्या आत वळले पाहिजे, कारण पुढे तो दगडाला सरावतो.

हे माझ्या पदरचे तर्कट नव्हे. १९९९ च्या जानेवारीत ॲलन डाउनी नावाचे अमेरिकन प्राध्यापक जावा या भाषेचा प्राथमिक वर्ग घेण्याच्या तयारीत होते. हा वर्ग त्यांनी तीनदा घेतला होता, नापासांचे प्रमाण फार होते, आणि बाजारातली जाडजूड पुस्तके मुले वाचत नाहीत हे त्यांच्या ध्यानी आले होते. सत्र सुरू व्हायला दोन आठवडे उरले असता त्यांनी स्वतःच एक लहान पुस्तक लिहिले आणि ते कोणीही उतरवावे, बदलावे, वाटावे अशी मुभा देऊन खुले केले. व्हर्जिनियातील एका माध्यमिक शाळेचे शिक्षक जेफ एल्कनर यांच्या ते हाती पडले. त्यांच्या वर्गात नवशिक्यांना सी प्लस प्लस झेपत नव्हती, म्हणून त्यांनी हे सबंध पुस्तक पायथनमध्ये उतरवले आणि मूळ लेखकाकडे धाडले. डाउनी स्वतः लिहितात की आपण पायथन शिकलो ती आपलेच पुस्तक वाचून. पुढे ख्रिस मेयर्स हे व्यावसायिक प्रोग्रामर त्यांना येऊन मिळाले. एक प्राध्यापक, एक शाळामास्तर आणि एक व्यवसायी, अशा तिघांनी समोरासमोर कधी न भेटता ते पुस्तक सिद्ध केले. आणि त्यात भर कोणाची? एल्कनरांच्या वर्गातल्या शाळकरी मुलांची, आणि जगभरच्या वाचकांची, ज्यांनी अमुक प्रकरणातला अमुक शब्द फसवा आहे, तमुक उदाहरण चालत नाही, असे कळवले. डाउनींच्या नंतरच्या आवृत्तीत अशा शंभराहून अधिक वाचकांचे ऋण त्यांची नावे आणि त्यांनी दाखवलेल्या चुका नमूद करून मान्य केलेले आहे. ती यादी मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचून दाखवतो. ज्या पुस्तकावरून असंख्य माणसे पायथन शिकली, त्या पुस्तकाचा अधिकार त्या तिघांपुरता होता, असे म्हणण्याचे धाडस आक्षेपक करतील काय?

‘पण चुका?’ असे येथे विचारले जाईल. चुका होतात. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला आदल्या वर्षीच्या कोणीतरी वर्डमध्ये टाइप करून ठेवलेल्या नोट्स मिळाल्या होत्या. तिने त्यांतला एका ओळीचा प्रोग्राम, स्क्रीनवर ‘नमस्कार’ एवढेच छापणारा, उचलून जसाच्या तसा पायथनमध्ये चिकटवला, आणि सिंटॅक्स एरर आली. एका ओळीत चूक शोधायला किती वेळ लागावा? तिला पूर्ण संध्याकाळ लागली, कारण चूक डोळ्यांना दिसतच नव्हती. शेवटी तिने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की तिने हाताने टाइप केलेली अवतरणचिन्हे सरळ उभी आहेत आणि चिकटवलेली चिन्हे शब्दाकडे वाकलेली आहेत. पायथनला उभी चालतात, वाकडी चालत नाहीत. तिने त्याच रात्री वहीत नोंद केली: वर्डमधून कोड उचलू नये, उचललाच तर अवतरणचिन्हे पुसून हाताने पुन्हा टाइप करावीत. पुढे कारणही लिहिले, की वर्डमध्ये मराठी फाँट असल्यामुळे असे होते.

उपाय बरोबर होता, कारण चूक होते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मुलाने त्याखाली लिहिले की इंग्रजी फाँटमध्येही असेच झाले. मग मी पाहून खातरजमा केली आणि खुलासा जोडला की वर्ड टाइप होत असतानाच उभ्या चिन्हांची वाकडी चिन्हे आपोआप करते, फाँटचा त्यात काही संबंध नाही, आणि ही सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ती चूक वहीत नांदली तीन दिवस. आता एक छापील पुस्तक पाहा. पायथनच्या जुन्या दुसऱ्या पिढीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि नव्या पिढीत प्रिंटपुढे कंस द्यावाच लागतो हे तर २००८ पासूनचे आहे. तरीही एका अधिकारी लेखकाने लिहिलेल्या मार्गदर्शकात आजही बिनकंसाचा प्रिंट छापलेला आहे. ते पुस्तक वाचनालयाच्या कपाटात आहे, त्यावर शिक्का आहे, आणि दर वर्षी कोणीतरी ते घरी नेऊन पहिल्याच ओळीला अडते. तेथे खाली कोण लिहिणार? चुकांची भीती ज्यांना खरोखर आहे, त्यांनी जी चूक तीन दिवसांत पकडली जाते तिच्याकडे बोट दाखवण्याआधी, जी पकडायला कोणाला मुभाच नाही तिच्याकडे पाहावे.

दहा हातांच्या खिचडीबद्दल मी फार लिहिणार नाही. सामायिक कामाला संपादक लागतो, हे उघड आहे. वहीतल्या प्रत्येक नोंदीची रुजवात कोणीतरी घालावी लागते, आणि हे काम किचकट आहे. परंतु त्यासाठी काम सोडून द्यावे असे अनुमान कसे निघते? २०१४ मध्ये बर्लिन येथे ज्यांच्या पहिल्या कार्यशाळेने आरंभ झाला, त्या जॅंगो गर्ल्सची पाठमाला सर्वांना खुली आहे, तिच्यात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि कधीही प्रोग्रामिंग न केलेल्या स्त्रियांना ती पहिल्या दिवसापासून हात धरून नेते. अनेक भाषांत ती उतरली ती स्वयंसेवकांच्या हातून. १९९८ पासून चालत आलेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या वर्गांत शिकणारा आपल्या लॅपटॉपवर रंगीत चिठ्ठी चिकटवतो, एका रंगाची चिठ्ठी जमले म्हणून, दुसऱ्या रंगाची अडले म्हणून, आणि त्यांचे पाठ अनेकांच्या हातांनी वर्षानुवर्षे घासले गेले आहेत. खिचडी शिजवणाऱ्याचे लक्ष असेल तर ती करपत नाही.

मराठीचा आक्षेप मात्र सोडून देता येत नाही, कारण तो करणारे बहुतेक मराठीच असतात. प्रोग्रामिंगची भाषा इंग्रजी, नोकरी इंग्रजीत, मग मराठीत शिकून करायचे काय? या प्रश्नाला मुंबईच्या आयआयटीने कृतीने उत्तर दिलेले आहे. त्यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा मिनिटांच्या आसपासचे पाठ असतात. त्यांतले निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते, आणि स्क्रीनवर दिसणारे सर्व इंग्रजीतच राहते. विद्यार्थी कान मराठीला देतो आणि डोळा इंग्रजीला सरावतो. समजूत स्वभाषेत आणि साधन परभाषेत, ही विभागणी आपल्या गवंड्याला, सुताराला, मोटार मेकॅनिकला कधीपासून ठाऊक आहे. कार्बोरेटरला मराठी शब्द नाही म्हणून कोणी मेकॅनिक होण्याचे थांबले नाही, आणि कार्बोरेटर कसा साफ करावा हे उस्तादाने पोऱ्याला इंग्रजीतही सांगितले नाही.

पण माझे म्हणणे याहून पुढचे आहे. काही अडचणी अशा आहेत की त्या मराठी माणसालाच येतात, आणि त्या त्यानेच लिहिल्या नाहीत तर जगात कोठेही लिहिल्या जाणार नाहीत. उलटसुलट वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखणे, हा नवशिक्यांना सगळीकडे दिला जाणारा स्वाध्याय. माध्यमिक शाळेतल्या त्या बाईंनी प्रोग्राम लिहिला, ‘नमन’ घातला, उत्तर आले होय. ‘सरस’ घातला, होय. मग त्यांनी ‘नवजीवन’ घातला, आणि पायथनने सांगितले की नाही. बाई मराठी शिकवतात. नवजीवन उलट वाचला तरी नवजीवनच, हे त्यांनी वर्गात मुलांना कित्येकदा सांगितले असेल. त्यांनी प्रोग्राम चार वेळा तपासला. त्यात दोष नव्हता. पायथनच्या लेखी ‘जी’ हे एक अक्षर नाही; ज निराळा आणि वेलांटी निराळी, आणि शब्द उलटवला की वेलांटी जपासून सुटून वला जाऊन चिकटते, नवजीवनचा नवीजवन होतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर आपण तीन म्हणू, पायथन पाच म्हणते, त्याच कारणाने. याउलट ‘१२’ हे देवनागरी आकडे अवतरणात घालून इंट या फंक्शनला दिले तर ते निमूटपणे बारा समजते, आणि तेच आकडे उघडे लिहिले की एरर देते. हे कोणत्या परदेशी पाठ्यपुस्तकात मिळेल? तेथे स्वाध्यायाला ‘मॅडम’ हा इंग्रजी शब्द असतो, आणि तो उलटवताना कधीच काही बिघडत नाही. बाईंची ती संध्याकाळ वाया गेली असे जो म्हणेल, त्याने आपल्या भाषेत आपले यंत्र कसे वागते, हा प्रश्न स्वतःला कधी विचारला आहे काय?

राहता राहिली उत्तरे देणारी यंत्रे. त्यांचा मी शत्रू नाही. वर्गात आम्ही त्यांनाही विचारतो. पण ते उत्तर एकाच्या खिशात येते आणि तेथेच संपते. पुढच्या वर्षीचा मुलगा तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारतो, त्याला निराळ्या शब्दांत निराळे उत्तर मिळते, आणि ते चुकले तर ते चुकले हे त्याला कोणी सांगत नाही, कारण त्या खोलीत दुसरे कोणी नसते. शिवाय ही यंत्रे शिकली कशावर? हजारो अनोळखी माणसांनी फुकट लिहून ठेवलेल्या प्रश्नांवर, उत्तरांवर आणि दुरुस्त्यांवर. ज्या भाषेतल्या नवशिक्यांनी आपल्या ठेचा लिहून ठेवल्याच नाहीत, त्या भाषेतल्या नवशिक्याला ती काय सांगणार? लिहिणे थांबवा, कारण लिहिलेल्यावर शिकलेले यंत्र आता आले आहे, हा सल्ला पेरणी थांबवा, कारण कोठार भरलेले आहे, असे म्हणण्यासारखा आहे. आणि मराठीचे कोठार तर भरलेलेही नाही.

म्हणून नवशिक्यांसाठीची वही नवशिक्यांनीच लिहिली पाहिजे, हे मी पुन्हा, आणि अधिक निक्षून म्हणतो. आम्ही जाणकारांनी तपासनीस म्हणून तिच्यात यावे, चुकीच्या कारणाखाली खरे कारण लिहावे, आणि मथळ्यांना हात लावू नये. आक्षेपकांपैकी कोणाला हे काम हलके वाटत असेल तर त्याच्यासाठी एक नोंद अपुरी ठेवलेली आहे. नवजीवन हा शब्द वेलांटी न सोडवता, अक्षराअक्षराने उलटवायचा कसा? वर्गात आम्ही वापरतो त्या आवृत्तीत त्याची आयती सोय नाही, मी जो मार्ग लिहिला तो बाईंना दोनदा वाचूनही समजला नाही, आणि त्यांनी माझ्या परिच्छेदाखाली शेरा मारला आहे: “दुसऱ्या ओळीपासून कळत नाही, पुन्हा लिहावे.” शनिवारपर्यंत मी तो पुन्हा लिहिणार आहे. त्याआधी कोणी लिहिला तर बाई तो वाचून पाहतील.